सिलॅबस ठरवायच्या मीटिंगला कारखान्यातल्या माणसानं नक्की काय सांगावं?

उद्यमबागकर :
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय खरं वेळ काढून वाचा. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून पार्ट करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, २६ वर्षं झाली. एका ऑटोनॉमस कॉलेजनं मला मेकॅनिकलच्या बोर्ड ऑफ स्टडीजवर घेतलंय. सिलॅबस ठरवणाऱ्या या समितीत उद्योगाकडचा एक माणूस घ्यावाच लागतो, तो मी. गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो. आदल्या रात्री ९० पानांची पीडीएफ मेलवर आली, दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग, विषयाचं नाव वाचायचं, कुणाची काही सूचना, नाही, चला पुढचा. मी एकदाच बोललो, सँड टेस्टिंग, म्हणजे साच्याच्या वाळूची तपासणी, जरा वाढवा म्हटलं, तर सिलॅबसमध्ये एक ओळ वाढली. घरी येताना लई वाईट वाटलं. सांगण्यासारखं भरपूर होतं माझ्याकडं, खरं ते त्या ९० पानांत कुठं बसवायचं हेच कळेना.

आता काय सांगायचं होतं ते ऐका. दोन वर्षांमागं फायनल इयरची दोन पोरं आमच्याकडं प्रोजेक्टला आली होती. आमची एक हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी सारखी रिजेक्ट व्हायची, ब्लो होल, म्हणजे धातूत गॅस अडकून पडलेली भोकं. आणि ते दिसायचं कुठं तर कस्टमरकडं मशिनिंग झाल्यावर, म्हणजे आपलं कास्टिंग गेलं ते गेलंच वर त्याचा मशिनिंगचा खर्चही आपल्याच डोक्यावर. सकाळी आठला सँड लॅबमध्ये टेस्ट व्हायची, मॉइश्चर बरोबर, कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दबते) बरोबर, परमिअॅबिलिटी (वाळूतून गॅस किती जातो) बरोबर, रजिस्टर एकदम स्वच्छ. पोरांनी पहिले पंधरा दिवस ती रजिस्टरंच उतरवून काढली. मग त्यातला एक जण मलरवरच्या, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रावरच्या, मामांजवळ जाऊन उभा राहायला लागला. मामा कन्नड बोलणारे, वीस वर्षं त्याच मलरवर. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी वाळू मुठीत धरली आणि म्हणाले, "उसुकू बिसी ऐती." वाळू गरम आहे. पोराला कन्नड येत होतं म्हणून त्याला ते कळलं, नाहीतर ते वाक्य तिथंच विरलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं थर्मामीटर घेऊन बेल्टवर, दर अर्ध्या तासाला रीडिंग. सकाळी ३४-३५ डिग्री असलेली वाळू तीन वाजेपर्यंत ५५ च्या वर. वाळू पन्नाशीच्या पुढं गेली की मलरमध्ये घातलेलं पाणी मोल्डिंग मशीनपर्यंत पोचेस्तोवर उडून जातंय, मोल्डचा पृष्ठभाग कोरडा पडतोय, आणि मोल्डमधल्या थंड कोअरवर (पार्टची आतली पोकळी ठेवणाऱ्या ठोकळ्यावर) तीच वाफ जाऊन बसतेय. मग मेटल ओतल्यावर गॅस होणारच की. आमची टेस्ट सकाळी आठची, भानगड दुपारी तीनची. पोरांनी तीन महिन्यांचा तक्ता मांडला, कुठल्या तासाला ओतलेले बॉक्स (साचे) रिजेक्ट झाले आणि त्या तासाला वाळू किती गरम होती, शेजारी शेजारी. तो बघून आम्ही जाड कास्टिंगचे बॉक्स एकामागोमाग लावायचं बंद केलं, नॉकआऊटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर, बेल्टवरच पाणी मारून वाळूतून हवा खेळवायची सोय केली. त्या बॉडीचं रिजेक्शन निम्म्यावर आलं.

आणि त्या पोरांना कॉलेजात व्हायव्हाला काय विचारलं तर प्लॅजिअरिझम किती टक्के आलंय. वाळूवर एकही प्रश्न नाही. यंदाची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळेला मला एक ओळ वाढवून परत यायचं नाही. मी काय मागू? शिकवणारे, शिकणारे, कारखानदार, सगळ्यांनी लिहा.

मेकॅनिकल_मॅडम :
सर, वाचून अंगावर काटा आला. मी बारा वर्षं शिकवतेय, तेव्हा आमच्या बाजूनं लिहिते. आधी चौकट सांगते कारण इथं बऱ्याच जणांचा समज असतो की कॉलेजनं मनात आणलं की सिलॅबस बदलतो. आपलं विद्यापीठ इथंच मच्छेला, १९९८ ला सुरू झालेलं व्हीटीयू. त्याला नुसती अॅफिलिएटेड असलेली कॉलेजं व्हीटीयूचीच स्कीम शिकवतात, त्यांना एक शब्दही बदलता येत नाही. तुम्ही ज्या कॉलेजच्या बोर्डावर आहात ते ऑटोनॉमस, म्हणजे तुमच्या हातात खरंच काहीतरी आहे. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, एआयसीटीईच्या, २०१८ च्या मॉडेल करिक्युलमनंतर बी.ई.चे एकूण क्रेडिट १६० वर आले, त्याच्या आत जागा करायची.

आणि जागा नाही असंही नाही. व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीममध्ये आठव्या सेमला १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे, १० क्रेडिटची. खरं दुखणं असं की ती अगदी शेवटी येते. आठव्या सेमला निम्म्या पोरांच्या हातात ऑफर लेटर असतं, उरलेली बँकेच्या नाहीतर केपीएससीच्या (राज्य सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या) तयारीला लागलेली. आणि समजा एखादी पोरगी मन लावून चार महिने फाउंड्रीत शिकली, तरी ते घेऊन ती परत वर्गात येतच नाही, थेट घरी जाते. गरम वाळू बघितलेली मुलगी माझ्या हीट ट्रान्सफरच्या वर्गात समोर बसली असती तर बाष्पीभवन शिकवायला मला फळा लागला नसता. म्हणून तुम्ही सँड टेस्टिंग वाढवा असं म्हणू नका, कारखाना पाचव्या सेमपासून द्या म्हणा. कारखाना आधी, त्याची थिअरी त्याच्या बरोबरीनं.

आमची अडचणही खरी आहे. ६० पोरं, गाइड करणारे आम्ही आठ-नऊ जण. कारखान्यात जाऊन पोरगं काय करतंय ते बघणं कुणाच्याच टाइमटेबलमध्ये नसतं, ते आपल्या गाडीनं, आपल्या पेट्रोलनं, जमलं तर. त्यामुळं बहुतेक गाइड आठव्या सेमला फोनवरच खुशाली विचारतात. मीटिंगमध्ये हे बोललात तर निम्मे शिक्षक मनातून तुमच्या बाजूला येतील.

शिनोळीवाला :
मी कारखानदाराच्या बाजूनं रोखठोक लिहितो, रागावू नका. बेळगावात घर, शिनोळीत युनिट, ९ सीएनसी आणि २ व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं. दर वर्षी चार कॉलेजांचे एमओयू सहीला येतात, फोटो काढतात, जातात. मग मेमध्ये एकदम वीस पोरांची यादी. वीस पोरं मी उभी कुठं करू? माझा एक सेटर आहे, मशीन लावून देणारा, तोच सगळं बघतो. तो पोरांना ऑफसेट (मशीनला द्यायची साईजची दुरुस्ती) समजावत बसला की तेवढा वेळ मशीन बंद, आणि माझं गिऱ्हाईक मिनिटाचा हिशोब करतंय. एखाद्यानं जॉब धरून फिरणाऱ्या चकमध्ये हात घातला तर? मागं एकदा तीन महिने दोन पोरं ठेवून घेतली, त्यांच्याकडून काहीच करून घेता आलं नाही, जाताना मला सर्टिफिकेटवर सही करायला फार संकोच वाटला.

खरं उद्यमबागकर साहेबांची वाळूची गोष्ट वाचून एक कळलं, की मी त्यांना काम दिलंच नव्हतं. नुसतं बघा म्हटलं होतं. माझ्याकडं एका पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक आहे, सकाळी मशीन थंड असताना साईज एक येतो आणि दोन तासांनी दुसराच, ऑपरेटर अंदाजानं ऑफसेट मारत बसतो. याचा कुणी तीन महिने बसून ग्राफ काढला असता तर मी स्टायपेंड आनंदानं दिला असता.

खानापूरचा_पोरगा :
शिनोळीवाले काका, मी त्या यादीतलाच एक समजा. मी दोन वर्षांपूर्वी पास झालो. दहावीपर्यंत मराठी शाळा, खानापूर तालुक्यातलं गाव, एस.टी. चुकली की शाळा चुकली असं. पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्लिश, मग बी.ई. पहिली इंटर्नशिप एका कारखान्यात, नाव लिहीत नाही, तिथं गेटवर सांगितलं महिन्यानं या, सर्टिफिकेट तयार असेल. मी घरी काय सांगणार? रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि रेल्वे स्टेशनवर बसायचो. पंधरा दिवसांनी आईला कळलं. तिनं काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीपासून डबा दिला नाही एवढंच. मी पुन्हा त्या गेटवर गेलो आणि म्हटलं झाडू मारतो पण आत घ्या. घेतलं.

मॅडम म्हणतात ते एकदम बरोबर. आत गेल्यावर पहिल्या आठवड्यात कळलं की मला ड्रॉइंगच वाचता येत नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला मला ८१ मार्क होते, खरं ते सगळं आपण काढायचं, कोन (शंकू) कापायचा, प्रोजेक्शन टाकायचं. दुसऱ्यानं काढलेलं ड्रॉइंग हातात घेऊन यातली कुठली साईज चुकली तर पार्ट बाद होईल, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. डेटम म्हणजे काय ते मला एका आयटीआयवाल्या दादानं सरफेस प्लेटवर जॉब ठेवून पाच मिनिटांत दाखवलं. जॉब टेकतो कुठं, तिथून मोजायचं. बस.

आणि भाषेचं. पहिल्या वर्षाला आम्हा मराठी पोरांना बळके कन्नड असतं, कन्नड न येणाऱ्यांसाठीचा पेपर. पास होण्यापुरतं करायचं, झालं. तोच पेपर शॉपफ्लोअरच्या कन्नडचा असता तर? उसुकू, बिसी, सरळ कामाचे शब्द. उद्यमबागेत अर्धी माणसं मराठी बोलतात, अर्धी कन्नड, कागद सगळे इंग्लिशमध्ये. इथल्या इंजिनिअरला तिन्ही लागतातच. उद्यमबागकर काका, हे पण मीटिंगमध्ये सांगा.

हत्तरगी_सीएमएम :
एरोस्पेसमध्ये आहे, हत्तरगीच्या बाजूला, काम इन्स्पेक्शन. ड्रॉइंगबद्दल पोरानं लिहिलंय ते शंभर टक्के. आमच्याकडं नवीन इंजिनिअर घेतला की पहिले तीन-चार महिने जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरच्या आकार आणि टॉलरन्सच्या (किती फरक चालेल त्याच्या) खुणा, शिकवण्यातच जातात. आणि दुसरं कागद. पार्ट बरोबर आहे हे पुरत नाही, तो बरोबर आहे हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं, मटेरियल कुठल्या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचं), कुठल्या मशीनवर, कुठल्या गेजनं मोजलं, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधीचं. फर्स्ट आर्टिकलचा, म्हणजे पहिल्या पार्टच्या तपासणीचा, रिपोर्ट भरायला बसवलं की चांगले डिस्टिंक्शनवाले गोंधळतात. कॉलेजात चूक झाली की मार्क जातो, इथं एक आकडा खाडाखोड करून लिहिला तरी अख्खा लॉट अडकतो.

आमच्याकडं पोरं घ्यायला अडचण गुप्ततेची. कस्टमरची ड्रॉइंग बाहेरच्याला दाखवता येत नाहीत. त्यावर आम्ही आमच्यापुरता उपाय काढलाय, शिकवण्यासाठी एक वेगळाच पार्ट स्वतः डिझाइन केला, अॅल्युमिनियमचा, कुठल्याच विमानात न जाणारा, पण त्यात सगळ्या प्रकारचे टॉलरन्स घातलेत. तो कॉलेजच्या लॅबला द्यायला आमची ना नाही. अशा एका पार्टवर अख्खं सेमिस्टर निघतं, ड्रॉइंग वाचा, प्रोसेस ठरवा, करा, मोजा, रिपोर्ट भरा.

फक्त मॅडमना एक सांगतो, आठवड्यातून एक दिवस कारखाना असं केलंत तर आमच्याकडं चालणार नाही. सोमवारी पाहिलेला पार्ट पुढच्या सोमवारी डिस्पॅच होऊन गेलेला असतो. आम्हाला सलग आठ आठवडे द्या.

मेकॅनिकल_मॅडम :
हा मुद्दा फार कामाचा आहे. मी मनात तसंच धरलं होतं, दर गुरुवारी कारखाना. पण वाळूच्या गोष्टीत उलटं आहे बघा, तिथं तीन महिन्यांची रीडिंग लागली, सलग आठ आठवड्यांत पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही दिसलेच नसते. म्हणजे टाइमटेबल एकच एक ठरवून चालणार नाही, कामाचं चक्र जसं तसं. फाउंड्रीला वर्षभर आठवड्याचा एक दिवस, एरोस्पेसला सलग ब्लॉक.

चिकोडीकर :
मग साखर कारखान्याचं पण घ्या की यात. आमच्या बाजूला चिकोडी-हुक्केरी पट्ट्यात एवढे साखर कारखाने, आणि कॉलेजची पोरं येतात कधी तर मेमध्ये, गाळप बंद झाल्यावर, मग सांगतात काही बघायला मिळालं नाही. अरे बाबांनो, मेकॅनिकलवाल्यांना बघायला तेव्हाच मिळतं! मिलचे रोलर बाहेर काढलेले असतात, झिजलेल्या खाचा परत कापून घेतात, टर्बाइनचं वरचं कव्हर उघडून ब्लेड तपासतात, बॉयलरच्या ट्यूब बदलतात. चालू असताना हे सगळं पत्र्याच्या आत झाकलेलं. आणि इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी यायचं ते नोव्हेंबरनंतर, सीझनमध्ये, को-जनरेशन (कारखान्यातली वीजनिर्मिती) पूर्ण लोडवर असताना. ब्रँच बघून महिना ठरवा. मी २८ वर्षं मिल हाऊसला काढली, एकाही कॉलेजनं कधी विचारलं नाही की आमची पोरं कधी पाठवू.

मेकॅनिकल_मॅडम :
काका, हे मी आमच्या एचओडींना उद्याच सांगते, आणि तुमच्याशी बोलायला आवडेल.

एक जुनी गोष्ट लिहिते, शिनोळीवाल्या सरांसाठी. १९०६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी हेच सुरू केलं. पोरं एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. जोड्या लावल्या होत्या, एक वर्गात असताना दुसरा मशीनवर, पुढच्या आठवड्यात अदलाबदल, म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी नाही आणि मालकाला कामाचा माणूस सलग मिळतो. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून याच तत्त्वावर उभं आहे. आणि आपल्याकडं पिलानीच्या बिट्सनं १९७३ ला प्रॅक्टिस स्कूल काढलं, त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पोरांबरोबर शिक्षकही त्या ठिकाणी जातो, तेच त्याचं त्या काळातलं काम. मी वर पेट्रोलचं लिहिलं ना, ते यासाठी. शिक्षक कारखान्यात गेला नाही तर कारखाना वर्गात येणार नाही.

शिनोळीवाला :
जोडी लावायची आयडिया मला पटली मॅडम. वीस नको, दोन द्या, पण अख्खं वर्ष द्या. माझा सेटर दोघांना एकदाच शिकवेल, मग ते त्याला मदतच करतील. अपघाताचा विमा आणि सेफ्टी शूज कॉलेजनं बघावेत, प्रॉब्लेम मी देतो, आणि माझ्या सेटरला पण काहीतरी मिळू दे, तो दहावी पास आहे पण या पोरांचा खरा मास्तर तोच.

उद्यमबागकर :
हे फार मोलाचं बोललात. यूजीसीनं २०२२ ला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलं, त्यात पीएचडीची अट नाही, कामाचा अनुभव बघतात. खरं ते मोठ्या हुद्द्याच्या माणसांसाठी. मलरवरच्या मामांना आणि तुमच्या सेटरला कॉलेजनं वर्षातून चार दिवस बोलवावं, मानधन द्यावं आणि पोरांच्या मूल्यमापनात त्यांचे थोडे मार्क ठेवावेत, एवढं तरी बोर्ड ऑफ स्टडीज करू शकतं.

शहापूरची_दीपमाळ :
मी थर्ड इयरला आहे, आत्ताची विद्यार्थिनी. सगळे पोरं पोरं म्हणताय, आमच्या वर्गात १४ मुली आहेत. फाउंड्रीत गेलो तर पहिलं उत्तर मुलींना नको, आमच्याकडं लेडीज टॉयलेट नाही. दुसरं, सेकंड शिफ्ट. वाळू दुपारी गरम होते म्हणता, मग तिथं संध्याकाळी थांबायला लागणारच, मच्छेवरून रात्री शहापूरला यायचं कसं? माझ्या मैत्रिणीनं याच कारणानं सॉफ्टवेअरची ऑनलाइन इंटर्नशिप घेतली, तिला कास्टिंगच करायचं होतं. काका, तुमच्या यादीत हे पहिल्या पाचात घ्या, शेवटी इतर म्हणून नको.

उद्यमबागकर :
घेतो बाळ, पहिल्या पाचात. आमच्याच कंपनीपासून सुरू करतो, टॉयलेटचं मी या आठवड्यात प्लांट हेडशी बोलतो. जनरल शिफ्टची बस उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे करून संध्याकाळी परत येते, ती सातला सोडता येते का बघतो.

खानापूरचा_पोरगा :
काका, एक विनंती. मशीन शिकवण्याच्या नादात गणित आणि थर्मो कमी करा असं कुणी म्हटलं तर होय म्हणू नका. मला सीएनसीचा कोड लिहायला दीड महिना लागला, कुठल्याही गल्लीत क्लास आहे त्याचा. ग्राफ कसा वाचायचा, रीडिंग का फिरतंय ते कसं शोधायचं, हे मात्र मला कुठल्या क्लासनं दिलं नसतं.

उद्यमबागकर :
अगदी बरोबर. आम्हाला तयार ऑपरेटर हवाय असं आमच्यातलेच काही लोक बोलतात, मी त्यांच्यातला नाही. ऑपरेटर आयटीआयमधून उत्तम मिळतात. मला तीन वाजताची वाळू बघून विचार करणारा इंजिनिअर पाहिजे.

तर मंडळी, मी कागदावर असं लिहिलंय. पाचव्या ते सातव्या सेमला कारखाना, वेळ कामाच्या चक्राप्रमाणे, त्यासाठी पाचव्या-सहाव्या सेमचे मिनी प्रोजेक्ट आणि एक इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) एकत्र करायचे, म्हणजे क्रेडिट वाढत नाहीत. कारखान्यानं मे महिन्यात लेखी प्रॉब्लेम द्यायचा, प्रॉब्लेम नसेल तर पोरं नाहीत. दोन-दोनची जोडी. गाइडचा आठवड्यातला अर्धा दिवस टाइमटेबलमध्ये, प्रवासखर्चासकट. मुलींची सोय आधी, मग यादी. ड्रॉइंग वाचण्याची परीक्षा, काढण्याची नव्हे, हत्तरगीच्या पार्टवर. आणि शॉपफ्लोअरचं कन्नड, जमलं तर.

सगळं मान्य होणार नाही याची कल्पना आहे. जोडीचं आणि गाइडच्या अर्ध्या दिवसाचं एवढं तरी पदरात पाडून घेईन.

मेकॅनिकल_मॅडम :
सर, पीडीएफ आदल्या रात्री येते म्हणालात ना, तर तुम्ही तुमचा कागद आठ दिवस आधी चेअरमनना पाठवा आणि अजेंड्यावर घ्या म्हणून लेखी मागा. लेखी आलेला विषय मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, येण्याची शक्यता जास्त.

उद्यमबागकर :
हे मला माहीतच नव्हतं, आभारी आहे. आज रात्रीच टाइप करतो. चिकोडीकर काका, ओव्हरहॉलिंगचे महिने आणि त्यात काय काय उघडतात ते जरा सविस्तर लिहून द्या, जोडतो. शिनोळीवाले, तुमच्या बोअरचा प्रॉब्लेम अर्ध्या पानात द्या, तो नमुना म्हणून लावतो. आणि त्या दोन पोरांची तापमानाची वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पानांना वाळू लागलेली, तीच मूळ वही मीटिंगला घेऊन जातो.